सायकल-शर्यतीच्या वाटेवरील स्थळें

पुण्याहून निघून सह्याद्रीच्या पूर्वेकडील अंगानें दक्षिणेस जाणारी आणि शेवटीं गोव्यांत समुद्राजवळ संपणारी एक सायकल-शर्यत गेल्या कांहीं वर्षांत प्रसिद्धीस आली आहे. डेक्कन क्लिफहँगर हें तिचें नांव. नांव परकीय असलें, तरी वाट सर्वस्वीं आपली आहे. सुमारें साडेसहाशे किलोमीटरांचें हें अंतर स्वारास अहोरात्र, घड्याळाशीं झगडत तोडावयाचें असतें. मुंबई-पुणे शर्यतींत बोरघाट प्रथम चढणाऱ्यास 'घाटाचा राजा' म्हणून गौरवितात. येथें घाट एक नव्हे, अनेक आहेत, आणि रात्रहि स्पर्धकासारखीच अंगावर येते. अमेरिका खंड आडवें ओलांडणाऱ्या सुमारें 4,800 किलोमीटरांच्या जगप्रसिद्ध शर्यतीसाठीं लागणारी पात्रता या वाटेवर मिळवितां येते. त्या अमेरिकेंतील शर्यतींत 2015 सालीं नाशिकचे महेंद्र व हितेंद्र महाजन हे डॉक्टर बंधु जोडीनें उतरून शेवटपर्यंत गेले, आणि 2017 सालीं श्रीनिवास गोकुळनाथ व नागपूरचे अमित समर्थ यांनीं ती एकएकट्यानें पुरी केली.

परंतु, श्रोतेहो, शर्यतींतला स्वार काय पाहतो? पुढचें चाक, रस्त्याची कड आणि मनगटावरील घड्याळ. एवढी देखणी वाट आणि ती पाहावयास सवड नाहीं, हा त्या शर्यतीचा विनोदच म्हणावयाचा. ज्यांस कोणाशीं चढाओढ नाहीं, पण सायकल आहे व चार-पांच दिवसांची रजा आहे, विशेषतः जें जत-कवठेमहांकाळकडील उघड्या माळावर वाढलें आहेत, अशांसाठीं हें भाषण आहे.

जतहून त्या वाटेस लागणें कठीण नाहीं. गुहागर-विजापूर हा हमरस्ता जतेवरून जातो. तो विटा व कडेगांव घेत कराडास पोहोंचतो, आणि तेथेंच शर्यतीची वाट त्यास छेदते. कराडापूर्वी देवराष्ट्राजवळ सागरेश्वरचें अभयारण्य आहे. तेथें अर्धा दिवस अवश्य मोडावा. सुमारें 11 चौरस किलोमीटरांचें हें रान निसर्गानें आयतें दिलेलें नाहीं. बोडक्या टेकड्यांवर धों. म. मोहिते यांनीं लोकांच्या साहाय्यानें झाडें वाढविलीं, हरणें सोडलीं, आणि 1985 सालीं त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला. आपल्याकडील माळाकडे पाहून "येथें काय उगवणार?" असें म्हणणाऱ्यानें हें रान पाहिलें पाहिजे.

कराडाहून उत्तरेस साताऱ्यापर्यंत सुमारें 50 किलोमीटर हमरस्ता आहे. तो पहांटे उरकून टाकावा. त्यांत मौज थोडी व मालमोटारी फार. खरी शोभा वाईपासून सुरू होते. कृष्णेच्या घाटावर 1762 सालीं रास्त्यांनीं बांधविलेलें ढोल्या गणपतीचें देऊळ आहे. त्याची मागील भिंत पाहावयास विसरूं नये. ती माशाच्या आकाराची, निमुळती केलेली आहे. पुराचें पाणी तिच्यावर आदळून दोहों बाजूंस फांकतें आणि देवळास धक्का लागत नाहीं. जवळच मेणवलीस नाना फडणिसांचा वाडा व घाट आहे, आणि तेथें 1739 सालीं वसईच्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे.

वाईनंतर पसरणीचा घाट लागतो. सुमारें 12 किलोमीटरांत साडेपांचशेहून अधिक मीटर उंची चढावयाची, म्हणजे दर शंभर मीटरांस पावणेपांच मीटरांच्या आसपास चढ पडतो. शर्यतींतील स्वारांची पहिली पारख येथेंच होते. आपण मात्र प्रत्येक वळणावर उतरावें. खालीं कृष्णेचें खोरें, पलीकडे पांडवगड, आणि वर पांचगणीचें सपाट माथ्याचें पठार असा देखावा क्षणाक्षणाला बदलत जातो. हें पठार जांभा दगडाचें आहे. खालचा काळा पाषाण युगानुयुगें पावसानें कुजत गेला, त्यांतील विरघळणारे अंश वाहून गेले, लोहाचे तेवढे राहिले व घट्ट झाले, तोच हा तांबडा जांभा. त्याचें कवच सहसा झिजत नाहीं, म्हणून माथे सपाट राहतात.

पांचगणीहून महाबळेश्वर अवघें 19 किलोमीटर. पण पावसाच्या हिशेबानें हीं दोन गांवें निराळ्या मुलखांतलीं आहेत. महाबळेश्वरीं वर्षाकांठीं साडेपांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, पांचगणीस त्याच्या निम्म्याहूनहि पुष्कळच कमी, आणि जतेस पांचशेच्या आसपास. समुद्रावरून येणारा वारा सह्याद्रीस थडकून वर चढतो. वर चढतांना थंड होतो, व थंड झाल्यावर अंगची वाफ त्यास धरवत नाहीं. तोच वारा पूर्वेस उतरूं लागला कीं पुन्हां तापतो आणि कोरडा होतो. जतेवरून जाणारे ढग रिकामे कां दिसतात, तें पसरणीपासून महाबळेश्वरापर्यंतच्या एका सकाळींत जेवढें उमगतें, तेवढें पुस्तकांत उमगत नाहीं.

क्षेत्र महाबळेश्वरीं पंचगंगेच्या देवळांत कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री यांचा उगम मानितात. सावित्री कोंकणांत उतरते. कृष्णा, वेण्णा व कोयना या तिघी निरनिराळ्या खोऱ्यांतून निघतात, आणि पुढें त्यांची जेथें भेट होते तीं स्थळें या शर्यतीच्या वाटेजवळच आहेत. केळघरचा घाट उतरून मेढ्यावरून साताऱ्यास येतांना वेण्णा सोबतीस असते. साताऱ्याच्या पूर्वेस माहुलीस ती कृष्णेस मिळते. तेथील देवळें संध्याकाळच्या उन्हांत पाहावीं. डोंगराच्या पश्चिम अंगानें लांबचा वळसा घालून कोयना येते ती कराडास, आणि प्रीतिसंगमावर दोन्ही नद्या जवळजवळ समोरासमोर भेटतात. यशवंतराव चव्हाणांची समाधि तेथेंच आहे. कोयनेचें पुष्कळसें पाणी मात्र धरणांतून बोगद्यावाटे पश्चिमेस, विजेसाठीं जातें. उरलेलें कृष्णेबरोबर सांगलीवरून वाहतें, आणि मिरज तालुक्यांत म्हैसाळजवळ त्यांतील कांहीं टप्प्याटप्प्यानें उपसून कवठेमहांकाळ व जतेकडे चढविलें जातें. जतच्या पूर्वेकडील गांवांसाठीं ती योजना पुढें वाढविण्याचें कामहि हातीं घेण्यांत आलें आहे. तेव्हां महाबळेश्वरीं ज्या धारेखालीं आपण ओंजळ धरतों, ती आपल्या टांकीशीं अगदींच अनोळखी नव्हे.

साताऱ्यास आल्यावर अजिंक्यतारा चढावा; 1708 सालीं शाहूमहाराजांस राज्याभिषेक झाला तो या किल्ल्यावर. आणि कासचें पठार, जें वाटेपासून सुमारें 25 किलोमीटर आंत आहे, तें टाळूं नये. 2012 सालीं जागतिक वारशांत गणलेल्या पश्चिम घाटाचा तें भाग आहे. जांभ्यावर मातीचा थर इतका पातळ कीं झाडास मूळ रोवतां येत नाहीं, आणि पावसाळ्यांत सर्वत्र पाणी सांचतें. म्हणून लहान, अल्पायुषी फुलांचेंच तेथें राज्य. मातींत कस नसल्यामुळें कांहीं वनस्पति किडे धरून उदरनिर्वाह करितात. दवबिंदु आपल्या चिकट केसांनीं किडा पकडते. नाजुक जांभळी 'सीतेची आसवें' पाण्याखालच्या इवल्या पिशव्यांनीं तेंच करते. हीं फुलें ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंतचीं. शर्यत सामान्यतः त्यानंतर हिवाळ्याच्या तोंडावर होते, म्हणून स्वारांच्या वांट्यास तीं येत नाहींत. पायाखालीं तुडवूं नयेत, ठरलेल्या पायवाटेवरूनच चालावें.

कराडाच्या दक्षिणेस वाट सांगली जिल्ह्यांतील उंसाच्या मळ्यांतून कोल्हापुरास जाते. रंकाळा व अंबाबाईचें देऊळ सर्वश्रुत आहेत; पन्हाळ्यास जाणाऱ्यानें एक दिवस निराळा ठेवावा. पुढें निपाणी, मग बेळगांव. तेथील किल्ल्यांतील कमलबस्ती हें तेराव्या शतकाच्या आरंभींचें जैन मंदिर छताच्या दगडी कमळासाठीं पाहावें. नंतर सह्याद्रि उतरून गोवें. तो उतार दाट जंगलांतला आहे. गती आवरून, उजेडींच उतरावा.

जतच्या प्रवाशास माझी शिफारस एवढीच कीं सबंध वाट एकदम धरूं नये. कराड, सातारा, वाई, महाबळेश्वर, मेढें आणि परत सातारा हा फेरा पांच दिवसांत सुखानें होतो. सप्टेंबरची अखेर त्यास उत्तम. घाटांत धुकें असतें, म्हणून मागें तांबडा दिवा हवाच. आणि शर्यतवाल्यांच्या मागें साहाय्यास मोटार असते, तशी आपल्या मागें नसते हें ध्यानीं धरून रात्रीं हमरस्त्यावर सायकल घालूं नये. पसरणीच्या पायथ्याशीं पाण्याच्या दोन बाटल्या भरून घ्याव्या.