सतरा अंकी हर्षद

१११११११११, म्हणजे नऊ वेळा १. याचा वर्ग केला की येतो १२३४५६७८९८७६५४३२१. उलटसुलट कसाही वाचा, सारखाच. हातानं गुणाकार मांडला की कारण दिसतं. नऊ एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभ्या बेरजा १, २, ३ करत मधल्या स्तंभात ९ होतात आणि पुन्हा उतरतात. हातचा कुठेच येत नाही. दहा एक घेतले, तर मधल्या स्तंभात १० होतात, हातचा पुढे जातो आणि सारी शिस्त मोडते!

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी अशा संख्यांना ‘डेम्लो’ म्हटलं. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं होतं. परांजपे आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले, दापोलीजवळच्या मुर्डीचे.

अंकांच्या बेरजेनं निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी ‘हर्षद’ हे नाव दिलं. वरच्या वर्गातल्या सतरा अंकांची बेरीज ८१. १११११११११ ला ९ नं भाग जातो, म्हणून वर्गाला ८१ नं जाणारच. हा योगायोग नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

रत्नागिरीचा पिनकोड ४१५६१२. बेरीज १९, भाग जात नाही. त्याचे अवयव २ × २ × १०३९०३, आणि शेवटचा अवयव मूळ संख्या आहे. तुमच्या गावाचा पिनकोड हर्षद आहे का, कागद-पेन्सिल घेऊन जरूर पाहा.