आधी माल, मग मिक्सर!

नोकरीला रामराम ठोकून मसाल्याचा, नाहीतर स्नॅक्सचा ब्रँड काढायचा, हे स्वप्न आपल्यापैकी बऱ्याच जणांनी बघितलेलं असतं. नाव ठरतं, लोगो ठरतो, पॅकिंगचा रंगही ठरतो. पण ज्या मशीनवर सगळा धंदा उभा राहणार, ते मात्र घाईघाईत घेतलं जातं. आणि तिथेच गडबड होते!

चिवड्याचा डबा संपत आला की काय होतं, आठवून बघा. वरवरचा चिवडा मस्त कुरकुरीत. आणि तळाशी? नुसता चुरा, तिखट-मीठ आणि ठसका! नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. डबा हलला की बारीक कण फटींमधून खाली सरकतात, मोठे वर राहतात. याला ‘ब्राझील नट इफेक्ट’ असं भारी नाव आहे आणि १९८७ मध्ये शास्त्रज्ञांनी कॉम्प्युटर सिम्युलेशन करून त्यावर पेपरही लिहिलाय. थोडक्यात काय, कोरड्या वस्तू एकत्र करणं आणि त्या एकत्र ठेवणं, दोन्ही वाटतं तितकं सोपं नसतं.

माझ्या एका मित्राला हे जरा महागात पडून कळलं. हिंजवडीतली आयटीची नोकरी सोडून तो नाशिकला परत आला. आईच्या हातचा काळा मसाला, अंबडमध्ये भाड्याचा गाळा, झकास लेबल. मशीन घेताना फंडा एकच, ‘घ्यायचं तर मोठंच घेऊ, पुढे लागेलच!’ आला ५०० लिटरचा रिबन ब्लेंडर. त्यात वडिलांच्या पीएफचे पैसे गेले, वर बँकेचं लोन.

पहिल्याच महिन्यात एका मिसळवाल्याने माल परत पाठवला. एक पिशवी खारट, दुसरी अळणी. रेसिपी तीच, वजनं तीच. मग बिघडलं कुठे?

लिटर वेगळं, किलो वेगळं

रिबन ब्लेंडर म्हणजे आडवी, यू आकाराची टाकी. आतल्या शाफ्टवर स्क्रूसारख्या वळणाच्या दोन पट्ट्या असतात. बाहेरची पट्टी माल एका दिशेला ढकलते, आतली उलट दिशेला. या ढकलाढकलीतूनच मिक्सिंग होतं. पण त्यासाठी माल दोन्ही पट्ट्यांपर्यंत पोचायला हवा. म्हणून ही टाकी साधारण ४० ते ७० टक्के भरावी लागते.

आता गणित बघा. मसाला हलका. एक लिटरच्या भांड्यात अंदाजे अर्धा किलोच बसतो. मित्राची बॅच ४० किलोची, म्हणजे ८० लिटर. ५०० लिटरच्या टाकीत ती जेमतेम १६ टक्के भरते! आतल्या पट्टीला मसाला लागतच नव्हता. मीठ जिथे पडलं, तिथेच आसपास घुटमळत राहिलं. मशीन नीट चालवायचं तर एका वेळी किमान शंभर किलो मसाला हवा. तेवढ्या ऑर्डर कुठून आणणार? मशीन उभं आणि ईएमआय चालू.

बॉस, तुमचा माल कसला?

मित्राबरोबर मी अंबडमधल्या एका वर्कशॉपमध्ये गेले. तिथले काका आयुष्यभर मशीनच बनवत आलेले. त्यांनी क्षमता विचारली नाही, बजेट विचारलं नाही. पहिला प्रश्न, “अरे दादा, माल कुठंय? मशीन बघायला रिकाम्या हाताने कशाला आलास?”

प्रश्न बरोबरच होता. कारण प्रत्येक मालाचा स्वभाव वेगळा. मसाल्याला रिबन ब्लेंडर चालतो, पण त्यात चिवडा टाकलात तर पोह्यांचा भुगा होईल. चिवड्याला हवा हळूहळू फिरणारा ड्रम. नाजूक, सुट्या पावडरींसाठी ‘व्ही’ किंवा डबल कोन ब्लेंडर. यात अख्खं भांडंच फिरतं, माल अलगद कोसळत मिसळतो. घट्ट कणकेसारख्या मालाला सिग्मा मिक्सर, केकच्या बॅटरला प्लॅनेटरी. टोमॅटो सॉसला वाफेच्या जॅकेटची कढई आणि तळ खरवडत फिरणारा ढवळ्या. मेयॉनीज, लोशन असं तेल-पाण्याचं लग्न लावायचं असेल तर हाय शिअर होमोजनायझर.

आणि वाईन? १९९९ मध्ये राजीव सामंत यांनी सुला सुरू केली आणि नाशिकची ओळखच बदलली. वाईनमध्येही ब्लेंडिंग असतं, पण तिथे घुसळाघुसळ नको. जास्त हवा मिसळली की वाईन खराब होते. म्हणजे एकाच शहरात चिवडा, मसाला, वाईन, आणि तिघांची मिक्सिंगची तऱ्हा तीन!

ट्रायल मस्ट!

कार घेताना टेस्ट ड्राइव्ह घेता ना? मग इथेही घ्या. स्वतःचा माल, स्वतःची बॅच, आणि मशीन थांबल्यावर वेगवेगळ्या जागांवरून दहा सॅम्पल. पक्की तपासणी लॅबमध्ये करा. पण मिठाचा ढोबळ अंदाज घरीही येतो. प्रत्येक सॅम्पलमधला एक ग्रॅम मसाला एकेक लिटर आरओच्या पाण्यात ढवळा, सगळ्यांना सारखाच वेळ द्या, गाळा आणि टीडीएस मीटर बुडवा. दहा आकडे एक्सेलमध्ये टाका. स्टँडर्ड डेव्हिएशनला सरासरीने भागा, शंभरने गुणा. उत्तर ५ टक्क्यांच्या आत आलं तर मिक्सिंग चांगलं, असा साधारण नियम आहे. ऑफिसमधलं एक्सेल कधीतरी असंही कामाला येतं!

वेळही बदलून बघा. पाच मिनिटं, दहा, पंधरा. जास्त फिरवलं म्हणजे जास्त चांगलं, असं अजिबात नाही. काही माल जास्त फिरवला की पुन्हा वेगळा व्हायला लागतो.

अ‍ॅडव्हान्स देण्याआधी विचारा

• सांगितलेले लिटर पूर्ण टाकीचे की प्रत्यक्ष वापरायचे? माझ्या मालाचे त्यात किलो किती?
• स्टील कुठलं? कोरड्या मसाल्याला ३०४ पुरतं. ओलं मीठ, व्हिनेगर असेल तर ३१६ बघा. त्यात मॉलिब्डेनम असल्याने ते खड्डे पडण्याला जास्त टिकतं.
• खालच्या व्हॉल्व्हपाशी माल अडकून राहतो का? तेवढा माल न मिसळताच पिशवीत जातो.
• वेल्डिंग घासून गुळगुळीत केलंय का? शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या गिऱ्हाईकासाठी कोपऱ्यात उरलेला कूटही धोक्याचा.
• झाकण उघडलं की मशीन आपोआप बंद पडतं का? नसेल तर तिथूनच परत फिरा. पट्टी हात ओळखत नाही.

मित्राने ते मोठं मशीन तोट्यात विकलं. मग चाळीस किलो मसाला टेम्पोत घालून काकांकडे ट्रायलला गेला आणि १५० लिटरचा ब्लेंडर घेतला. आता ८० लिटर माल टाकला की टाकी निम्म्याहून थोडी जास्त भरते. वडिलांचे पैसे अजून पूर्ण फिटलेले नाहीत. ते काही बोलत नाहीत, पण तो दर महिन्याला थोडे परत करतो.

परवा त्याच मिसळवाल्याकडे आम्ही मिसळ खायला गेलो. रस्सा त्याच्याच मसाल्याचा होता. त्याने पहिला चमचा तोंडात घातला, मग माझ्या वाटीतलाही चाखला. “सेम आहे यार!” म्हणाला, आणि मगच पावाला हात लावला.

तेव्हा फ्रेंड्स, राजीनाम्याचा मेल खुशाल टाइप करा. पण मशीनचा चेक लिहिण्याआधी एक पोतं माल घेऊन वर्कशॉप गाठा!