वणव्याचा नकाशा आणि त्यावरील तांबडा ठिपका

खामगावच्या दक्षिणेस अजिंठ्याची डोंगररांग आहे. त्याच रांगेत, खामगाव आणि बुलढाणा यांच्या दरम्यान, ज्ञानगंगा अभयारण्याचे कोरडे, पानगळीचे रान पसरले आहे. उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यातील काळी सपाट जमीन, आणि तिच्याही पलीकडे सातपुडा. फाल्गुन-चैत्रात सागाची पाने गळून त्यांचा थर जमिनीवर साचतो व तो पेट घेतो. त्याच दिवसांत खोऱ्यातील शेतकरी पऱ्हाटीचे व तुराट्यांचे ढीग आणि वाळलेले धुरे पेटवून शेत मोकळे करीत असतो. आंतरजालावरील वणव्यांच्या नकाशावर या दोन्ही आगी बहुधा एकाच तांबड्या ठिपक्याने दर्शविल्या जातात. तो ठिपका नेमके काय सांगतो, आणि त्याच्याकडून काय वदवून घेऊ नये, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की, ठिपका म्हणजे ज्वालेचे छायाचित्र नव्हे. ते एका गणिताचे उत्तर आहे. साधारण 300 केल्व्हिन तापमानाची जमीन आपले बहुतेक प्रारण 10 मायक्रॉनच्या आसपासच्या तरंगलांबीत सोडते; 800 केल्व्हिनच्या ज्वालेचे शिखर मात्र 4 मायक्रॉनच्या जवळपास येते. प्लांकच्या नियमाने हिशेब केला, तर 4 मायक्रॉनला अशी ज्वाला तेवढ्याच क्षेत्राच्या जमिनीपेक्षा सुमारे 1,800 पट प्रखर ठरते. 11 मायक्रॉनला अवघी 19 पट. म्हणून उपग्रहाने पाहिलेल्या चौकोनाचा केवळ एक सहस्रांश भाग जळत असला, तरी पहिल्या तरंगलांबीतील प्रारण जवळजवळ तिप्पट होते, तर दुसऱ्या तरंगलांबीत ते दोन टक्केही वाढत नाही. या दोहोंतील तफावत आणि सभोवतालच्या चौकोनांशी केलेली तुलना, यांवरून संगणक 'येथे आग असावी' असा निर्णय देतो. एवढी सूक्ष्मता साधणारी ही युक्ती खरोखर कौतुकास्पद आहे. मात्र नकाशाच्या वाचनात होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळही हिच्यातच आहे.

कारण असे की, ठिपका त्या चौकोनाच्या मध्यावर काढलेला असतो, आगीच्या जागी नव्हे. टेरा (1999) व ॲक्वा (2002) या उपग्रहांवरील मोडिस यंत्राचा चौकोन सरळ खाली पाहताना एक किलोमीटरचा, म्हणजे सुमारे 250 एकरांचा असतो. दृष्टिपट्ट्याच्या कडेस तो कित्येक पटींनी विस्तारतो. सुओमी एनपीपी (2011), नोआ-20 (2017) आणि नोआ-21 (2022) यांवरील व्हीर्स यंत्राचा चौकोन 375 मीटरचा, म्हणजे सुमारे 35 एकरांचा. आता अभयारण्याच्या हद्दीलगतच्या एखाद्या शेताची कल्पना करावी. धुरा पेटला शेताचा, पण चौकोनाचा मध्य पडला रानात, तर नकाशावर वणवा अभयारण्यात लागलेला दिसेल. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था 2004 पासून राज्यांच्या वनखात्यांना अशा सूचना पुरवीत आली आहे. सूचना देण्यापूर्वी ती वनक्षेत्राबाहेरचे ठिपके वगळते आणि उरलेल्यांची वाटणी थेट वनरक्षकाच्या बीटापर्यंत करते. ही चाळण आवश्यकच आहे. परंतु हद्दीवरच्या चारपाचशे मीटरांत ती निर्णायक ठरू शकत नाही. अशा ठिपक्याच्या आधारे कोणा शेतकऱ्यावर ठपका ठेवणे किंवा कोणास निर्दोष ठरविणे, या दोन्ही गोष्टी शास्त्रदृष्ट्या सारख्याच निराधार आहेत.

ठिपक्यावर टिचकी मारली असता जे कोष्टक उघडते, त्यातील 'विश्वास' हा रकाना विद्यार्थ्यांस हमखास चकवितो. मोडिसकरिता तो 0 ते 100 असा अंक असतो. व्हीर्सकरिता कमी, सामान्य व उच्च अशा तीन पायऱ्या. हा विश्वास आग मोठी आहे की लहान, याविषयी नसून शोध खरा आहे की नाही, याविषयी असतो. जलाशयावरून परावर्तित होणारे ऊन आणि वैशाखातील दुपारी तापलेली उघडी काळी जमीन यांमुळे खोटे ठिपके उमटू शकतात. पूर्णेच्या खोऱ्यापुरते बोलायचे, तर मे महिन्यातील दुपारचा कमी विश्वासाचा ठिपका संशयाने पाहावा, हेच योग्य. पोलादाच्या भट्ट्या किंवा मुंबई हायच्या समुद्रातील वायुज्वाला वर्षभर एकाच जागी ठिपके उमटवितात. संग्रहित आधारसामग्रीत अशांकरिता निराळा संकेतांक दिलेला असतो.

आगीच्या तीव्रतेचा रकाना वेगळा. त्यास अग्नि-प्रारणशक्ती म्हणतात व ती मेगावॅटमध्ये देतात. वूस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रयोगांनी दाखविले की, प्रारणरूपाने बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मेगाज्यूलमागे सुमारे 0.368 किलोग्रॅम वनस्पतिद्रव्य जळलेले असते. म्हणजे 10 मेगावॅटचा ठिपका त्या क्षणी सेकंदास साडेतीन किलोहून थोडा अधिक पालापाचोळा जळत असल्याचे सांगतो. 'त्या क्षणी' हे शब्द महत्त्वाचे.

वेळेचा प्रश्न याहून अवघड आहे. व्हीर्सचे उपग्रह आपल्यावरून दुपारी व मध्यरात्रीनंतर, दीड वाजण्याच्या आगेमागे जातात. पालापाचोळ्याची आग एखाद्या उतारावरून दोन तासांत सरकून विझते. सायंकाळी सहाला पेटून दहाला शमलेली आग त्यांच्या दृष्टीस पडणारच नाही. इन्सॅट-3डी सारखा भूस्थिर उपग्रह दर अर्ध्या तासाने पाहतो, परंतु त्याचा चौकोन चार किलोमीटरचा असल्याने लहान आग त्यात हरवते. सारांश, नकाशावर ठिपका नाही म्हणून वणवा नव्हता, असे म्हणता येत नाही. शिवाय कोष्टकातील वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार असते. तीत साडेपाच तास मिळविले पाहिजेत. होळीच्या रात्री दीड वाजता, म्हणजे आपल्या पंचांगाने मध्यरात्र उलटून गेल्यावर, टिपलेली आग कोष्टकात आदल्या तारखेस 20:00 वाजता नोंदलेली सापडेल. तारखेवर आधारलेले निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे विसरू नये.

आता प्रबंधलेखकांकरिता एक इशारा, आणि माझ्या मते हाच सर्वांत निकडीचा. जिल्ह्यातील ठिपके वर्षवार मोजून 'वणवे वाढले' असा आलेख काढणे फार सोपे आहे. परंतु व्हीर्सची नोंद 2012 च्या जानेवारीपासून सुरू होते. त्यापूर्वी केवळ मोडिस होते. बारीक चौकोनाचे यंत्र लहान आगीही टिपते, आणि मोडिसला एक दिसलेली मोठी आग व्हीर्सला अनेक ठिपक्यांची दिसते. पुढे नोआ-20 आल्यावर तीच आग पन्नासेक मिनिटांच्या अंतराने पुन्हा मोजली जाऊ लागली. सर्व ठिपक्यांची एकत्र बेरीज केली, तर रानात एकही काडी अधिक न जळता आलेख चढत जाईल. तुलना एकाच यंत्राच्या, शक्यतो एकाच उपग्रहाच्या नोंदींत करावी. आणि तेथेही टेरा व ॲक्वा यांच्या येण्याच्या वेळा 2020 नंतर हळूहळू ढळत गेल्या, हे लक्षात घ्यावे.

किती रान जळाले, हा प्रश्न ठिपक्यांना विचारूच नये. 35 एकरांच्या चौकोनात एखादा गुंठा जळत असला, तरी ठिपका उमटू शकतो. त्यामुळे ठिपक्यांच्या संख्येस चौकोनाच्या क्षेत्राने गुणून काढलेले आकडे भरमसाट फुगतात. त्याकरिता सेंटिनेल-2 ची आगीपूर्वीची व आगीनंतरची चित्रे घ्यावीत. निकट-अवरक्त पट्ट्यात जळलेला भाग अंधारतो, लघुतरंग-अवरक्तात उजळतो. या दोहोंच्या गुणोत्तरातील फरकावरून 20 मीटरच्या बारकाव्याने डागाची सीमा आखता येते. मात्र साग निष्पर्ण असताना केवळ पानगळीनेही हे गुणोत्तर बदलते. तेव्हा पूर्वीचे चित्र दिवाळीतील हिरव्या रानाचे नसावे, आगीच्या आदल्या पंधरवड्यातले असावे. दोन्ही चित्रे हाती आल्यावर एकदा जीपीएस घेऊन बोथ्याच्या बाजूने रानात शिरावे, आणि डागाच्या कडेने चालून राख कोठे संपते, हे पाहावे.