सशाच्या पिंजऱ्यात गवत हवे

आठवडी बाजारात पाटीत घालून विकावयास आणलेली पांढऱ्या सशांची पिल्ले पाहिली म्हणजे मुलांचा हट्ट मोडणे आईबापांना कठीण जाते. जोडी घरी येते, जुन्या खोक्याचा पिंजरा तयार होतो आणि घरातील प्रत्येक जण आपापल्या परीने तिला खाऊ घालू लागतो. कोणी पोळीचा तुकडा देतो, कोणी बिस्किट, कोणी दूधभात, तर कोणी मूठभर बाजरी टाकतो. गाजर तर हवेच, कारण पुस्तकातील चित्रात सशाच्या हाती गाजरच असते. पाचसहा दिवस पिल्ले उड्या मारतात. मग एके सकाळी त्यांतील एक कोपऱ्यात अंग आक्रसून बसलेले आढळते. पोट टम्म फुगलेले असते, लेंड्या पडलेल्या नसतात, आणि दुसरा दिवस उजाडण्यापूर्वी ते मरते. दृष्ट लागली असे घरात बोलले जाते. मृत्यूचे कारण मात्र बहुधा पिंजऱ्यातील वाटीतच असते.

पाळीव ससा हा मूळचा युरोपच्या नैर्ऋत्य भागातील, म्हणजे स्पेन व पोर्तुगाल या देशांकडील. तेथील उघड्या माळावरील जाडेभरडे गवत खाऊन त्याची जात वाढली व त्याची पचनसंस्था त्याच अन्नास अनुरूप बनली. (आपल्या शेतात बांधाकडेने पळणारा रानससा हा निराळा प्राणी होय. त्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण असल्यामुळे त्याची पिल्ले धरून पाळू नयेत.)

गाय किंवा शेळी रवंथ करते. ससा रवंथ करीत नाही. त्याच्या लहान व मोठ्या आतड्यांच्या सांध्याशी एक मोठी पिशवी असते. तिला अंधांत्र म्हणतात. पोटाच्या पोकळीचा बराच भाग ह्या पिशवीने व्यापलेला असून तीत असंख्य उपयुक्त सूक्ष्म जंतू वास करतात. गवतातील जाड तंतू आतडी सतत हलती ठेवतो व कोरड्या, गोल लेंड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. बारीक भाग अंधांत्रात जाऊन आंबतो आणि त्यापासून द्राक्षाच्या घोसासारख्या मऊ, चकचकीत लेंड्या तयार होतात. त्यांत प्रथिने व ‘ब’ जीवनसत्त्वे भरपूर असतात. ससा त्या बहुधा रात्री किंवा पहाटे गुदद्वाराशी तोंड नेऊन परस्पर खाऊन टाकतो. हे पाहून त्याची किळस करण्याचे किंवा तो उपाशी आहे असे समजून खुराक वाढविण्याचे कारण नाही. उलट ह्या मऊ लेंड्या न खाल्ल्या जाता मागील केसांना चिकटलेल्या दिसू लागल्या, तर खुराक जास्त व गवत कमी पडत आहे असे बहुतेक वेळा समजावे.

पोळी, भात, बिस्किट, केळे, गाजराचे मूळ ह्यांत पिष्ट व साखर पुष्कळ आणि तंतू अल्प. असे अन्न अंधांत्रात पोहोचले म्हणजे उपयुक्त जंतूंचा समतोल बिघडतो, वायू धरतो व आतड्यांची हालचाल मंदावते. सशाला ओकारी करता येत नाही; म्हणून चुकीचे पोटात गेलेले बाहेर टाकण्याचा मार्गही त्याला उरत नाही.

गवताचे दुसरे काम दातांचे. सशाचे दात जन्मभर वाढत असतात. पुढील दातांची वाढ तर आठवड्यास सुमारे २ मिलिमीटर इतकी होते. दिवसभर गवत चघळण्यानेच ते झिजतात. मऊ अन्नावर ठेवलेल्या सशाच्या दाढांना अणकुचीदार कडा येतात, जीभ व गाल सोलवटतात आणि समोर अन्न असूनही तो खाईनासा होतो.

तेव्हा सशाच्या पुढ्यात गवत रात्रंदिवस असावे, आणि एकंदर आहारात चार वाटे तरी तेच असावे, उरलेल्या एका वाट्यात इतर सर्व. मारवेल, पवन्या, हरळी ही आपल्याकडील गवते उत्तम. दोन किलो वजनाच्या सशास दिवसाला १०० ग्रॅम वाळलेले गवत धरले तरी वर्षाची बेगमी साडेछत्तीस किलोच होते. नासाडीसाठी थोडे अधिक ठेवावे. एवढ्याची तोड शेतकऱ्यास मुळीच जड नाही. मात्र आपल्याकडे गवत फार उशिरा, बी झडून काड्या झाल्यावर कापण्याची रीत आहे. सशासाठी ते फुलोऱ्यावर येताच कापावे, उलथेपालथे करून चांगले वाळवावे व ओल न लागेल असे साठवावे. बुरशीचा वास येणारी पेंढी बिनदिक्कत उकिरड्यावर टाकावी. कुसळी गवताची कुसळे सशाच्या तोंडात व डोळ्यांत रुततात. ते गवत कुसळे धरण्यापूर्वी कापलेले नसल्यास मुळीच घेऊ नये. गवत जमिनीवर न टाकता पिंजऱ्याच्या जाळीला जुडी बांधून किंवा लहानशी गव्हाण करून द्यावे. लेंड्यांनी व मुताने भिजलेल्या वैरणीतून कॉक्सिडिओसिस हा रक्ती हगवणीचा रोग पसरतो व त्यात लहान पिल्ले पटापट दगावतात.

हिरवा पाला रोज थोडा, धुऊन व निथळून द्यावा. कोथिंबीर, मेथी, गाजराचा व मुळ्याचा पाला चालतो. पावसाळ्यातील कोवळे, भिजलेले गवत एकदम पोटभर दिल्यास हगवण लागते. ते तासभर सावलीत सुकवून, थोड्याने सुरुवात करून द्यावे. लसूणघासाबद्दल पुष्कळांचा गैरसमज आहे. तो गाभण व दूध पाजणाऱ्या मादीस आणि वाढत्या पिल्लांस हितकारक. पूर्ण वाढलेल्या, नुसत्या हौसेसाठी पाळलेल्या सशास रोज भरपूर दिल्यास त्यातील चुना लघवीवाटे जाताना साचून मुतखडा होण्याची भीती असते. सुबाभळीचा पाला शेळीला घालतात म्हणून सशालाही घालावा असे नाही. त्यातील मिमोसीन ह्या द्रव्यामुळे केस गळू लागतात. कोवळी किंवा पाण्याअभावी खुरटलेली ज्वारी, घाणेरी, कण्हेर, धोतरा, एरंड, कांदा, लसूण, बटाट्याचा पाला ही सर्व वर्ज्य. औषध फवारलेल्या शेतातील भाजीही तशीच.

घरच्या सशाला गोळीखाद्य द्यावयाचे झाल्यास दर किलो वजनामागे दिवसाला २५ ग्रॅमपेक्षा अधिक देऊ नये. मादी व्यालेली असताना ही मर्यादा लागू नाही. त्या काळी तिची गरज कितीतरी वाढते. पेंड बुरसलेली असल्यास, विशेषतः भुईमुगाची, तिच्यातील अफ्लाटॉक्सिन ह्या विषास ससा लवकर बळी पडतो. गाजराचा बोटाच्या पेराएवढा तुकडा आठवड्यातून एकदोनदा दिल्याने काही बिघडत नाही. मुलांचा तेवढा आनंद राखावा.

पाणी जड मातीच्या कुंडीत, सदैव ताजे असावे. वैशाखात पारा ३० अंश सेल्सिअसच्या वर गेला की ससा खाणे कमी करतो. अशा दिवसांत गवताची जुडी पहाटे व सायंकाळी बदलावी, आणि पिंजरा झाडाच्या दाट सावलीत हलवून वर ओले गोणपाट टाकावे.

बाजारातून पिल्लू घेताना ते काय खात होते हे विक्रेत्यास विचारून घ्यावे आणि थोडे तेच अन्न बरोबर आणावे. नवे अन्न आठदहा दिवसांत हळूहळू मिसळून बदलावे. चार आठवड्यांपेक्षा लहान, आईच्या दुधावरचे पिल्लू घेऊच नये. गाईचे दूध पाजून ते जगेल ही आशा क्वचितच फळास येते.

सशाने बारा तास काही खाल्ले नाही, किंवा लेंड्या बंद झाल्या, तर उद्यापर्यंत वाट न पाहता त्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. घरातील माणसांच्या औषधांपैकी काहीही देऊ नये. पेनिसिलीन व अमॉक्सिसिलीन ही औषधे तोंडावाटे दिल्यास अंधांत्रातील जंतूंचा समतोल उलटतो व ससा दगावतो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांकडे असा ससा कोणी घेऊन आल्यास त्यांनी प्रथम दोन गोष्टी विचाराव्यात: शेवटची लेंडी केव्हा पडली आणि पिंजऱ्यात गवत होते काय. ही माहिती कागदावर लिहून सशाबरोबर दवाखान्यात पाठवावी.