सर्जरी रेसिडेन्सी: रोटेशन कधी, पत्र कोणाचं?

"ताई, अमेरिकेत सर्जरीला अर्ज करायचाय, रोटेशन कधी करू?" हा प्रश्न या महिन्यात इतक्यांदा आला की आज त्यावरच बोलूया. मी एमबीबीएस महाराष्ट्रात केलं, सध्या तिकडे जनरल सर्जरीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या खेपेला माझं मॅच झालं नव्हतं. कारणं बरीच असतील, पण एक मला पक्कं माहीत आहे.

मी रोटेशन घेतलं ऑक्टोबरमध्ये. हॉस्पिटलचं नाव मोठं, त्यामुळे मी खूश. आता गंमत बघा. ईरासवर अर्ज सप्टेंबरमध्ये जातात आणि महिनाअखेरीस प्रोग्रॅमवाले ते उघडून वाचायला लागतात. म्हणजे ज्या पत्रासाठी मी तिथे गेले, ते यायच्या आधीच माझी फाईल वाचायला सुरुवात झाली होती. पत्र नंतरही जोडता येतं, हो. पण तोवर मुलाखतीची बोलावणी जायला लागलेली असतात.

दुसरं म्हणजे, त्या चार आठवड्यांत दर आठवड्याला माझे अटेंडिंग बदलले. अटेंडिंग म्हणजे आपल्याकडचे युनिटचे सर. शेवटी ज्यांच्याकडे पत्र मागितलं ते म्हणाले, "लिहीन, पण छोटं होईल. मी तुला चारच दिवस पाहिलंय." वाईट वाटलं. पण माणूस खरं बोलत होता.

म्हणून आता मी सगळ्यांना सांगते, सप्टेंबरपासून उलटं मोजा. पत्र लिहायला सरांना महिनाभर तरी द्या. म्हणजे रोटेशन जुलैअखेर संपायला हवं. त्याचा अर्ज बऱ्याच ठिकाणी सहा महिने आधी लागतो, म्हणजे डिसेंबर-जानेवारी. त्याच्याही आधी लसीकरणाची कागदपत्रं, हिपॅटायटिस बीचं टायटर, विमा, व्हिसाची तारीख. आणि टीबीची तपासणी! आपल्या सगळ्यांना लहानपणी बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे कातडीवरची टेस्ट उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्ताची इग्रा टेस्ट चालते का, ते आधीच विचारून घ्या.

आणखी एक. रुग्णाला हात लावता येईल असं इलेक्टिव्ह साधारणपणे विद्यार्थी असेपर्यंतच मिळतं. त्यानंतर बहुतेकदा ऑब्झर्व्हरशिप, म्हणजे कोपऱ्यात उभं राहून बघायचं. बघत उभ्या असलेल्या मुलीबद्दल सर्जन लिहिणार तरी काय? इंटर्नला काही ठिकाणी विद्यार्थी धरतात, काही ठिकाणी नाही. ईमेलवर लेखी उत्तर घ्या. व्हीएसएलओवरून अर्ज करायचा तर आपलं कॉलेज त्यात असावं लागतं. नसेल तर थेट अर्ज घेणारी विद्यापीठं शोधा. आणि तारीख पक्की करण्याआधी कोऑर्डिनेटरला विचारा: चारही आठवडे एकाच सर्जनसोबत राहता येईल का, ते त्या महिन्यात रजेवर तर नाहीत ना?

आता पत्रं. एका प्रोग्रॅमला जास्तीत जास्त चार जातात. काही ठिकाणी विभागप्रमुखांचं पत्र मागतात, ते प्रत्येक प्रोग्रॅमच्या पानावर बघा. स्टेप वनला जानेवारी 2022 पासून मार्क नाहीत, नुसतं पास-नापास. त्यामुळे वाचणारा पत्राकडे जास्त लक्ष देणारच.

आपल्याकडची अडचण वेगळीच. मी माझ्या सरांकडे गेले तर ते म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." यात त्यांना काही गैर वाटत नव्हतं, सगळे तसंच करतात. पण स्वतःचं पत्र स्वतः लिहिणं खोटं आहे, शिवाय आपण लिहिणार काय, तर "मेहनती, वक्तशीर, नम्र". मी दुसऱ्या खेपेला सरांना म्हटलं, "सर, तुम्हीच लिहा, मी फक्त आठवण करून देते." एका पानावर केसेस दिल्या: रात्रीचं परफोरेशन, मी काय तपासलं, कुठे चुकले, सरांनी काय सुधारलं. त्यांनी ते वाचलं, हसले, आणि मी विसरलेली एक केस स्वतःच काढली. ते पत्र त्यांनीच लिहिलं.

अपलोड सरांनी करायचं किंवा त्यांनी नेमलेल्या माणसाने, आपण नाही. पत्र बघण्याचा हक्क सोडल्याची खूण आपण करायची. नाहीतर वाचणाऱ्याला शंका येते.

तिकडच्या सर्जनना शेवटच्या आठवड्यात समोर बसून विचारा, "माझ्याबद्दल भक्कम पत्र लिहू शकाल का?" ते जरा अडखळले तर थँक्यू म्हणा आणि दुसऱ्यांकडे जा. मी दुसऱ्या वर्षी हे विचारताना आवाज कापत होता. उत्तर आलं, "टाके घालताना तुझा हात पहिल्या आठवड्यापेक्षा किती सुधारलाय, ते लिहीन." महिनाभर त्यांच्याच ओटीत होते मी.

पुढच्या भागात पर्सनल स्टेटमेंट. तोवर ज्यांचं इलेक्टिव्ह ठरलंय त्यांनी महिना आणि युनिट कळवा, बघूया एकत्र.