पॉलिशची चमक आणि रात्रीचा खोकला

गेल्या पावसाळ्यात एक तिशीचा कारागीर आईबरोबर दवाखान्यात आला. "रात्री दोनला खोकत उठून बसतो, डॉक्टर. आमच्या घराण्यात दमा नाही," आईच सांगत होती. खोकल्याच्या बाटल्या संपवून झाल्या होत्या. मी विचारले, "गावाला जातोस तेव्हा?" "तेव्हा बरा असतो."

हा मुलगा फर्निचरला गनने पीयू पॉलिश मारतो. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. याचे डबे दोन, एक पॉलिशचा आणि दुसरा हार्डनरचा. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. भोपाळला १९८४ साली सुटलेला वायू याच कुळातला, पण तो भराभर उडणारा. हार्डनर स्वतःहून तितका उडत नाही. गनने फवारले की मात्र त्याचे बारीक थेंब थेट छातीत जातात.

कारागीर दोष देतात थिनरला, कारण वास त्याचा उग्र. आयसोसायनेट नाकाला कळण्याआधीच अपाय करू शकते. कित्येक महिने, कधी वर्षे काही होत नाही. मग शरीराला त्याचे वावडे जडते आणि शेजारच्या खोलीतली फवारणीही पुरते. त्रास पुष्कळदा काही तासांनी, रात्री सुरू होतो. त्यामुळे कामावर संशय जात नाही.

त्याला मी जोरात फुंकून श्वास मोजायची नळी दिली. दोन आठवडे आकडे लिहायला लावले. कामाच्या दिवशी आकडा खाली, सुटीला वर. निदान वहीतच होते.

रुमाल किंवा कागदी मास्क इथे कुचकामी. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क हवा, हवा खेचणारा पंखा हवा. युरोपात २०२३ पासून असे रसायन हाताळणाऱ्याला आधी प्रशिक्षण घ्यावे लागते.

घरमालकांनी घाबरू नये. पूर्ण वाळलेल्या पॉलिशमध्ये हे रसायन जवळजवळ उरत नाही. मात्र हाताला कोरडे लागले म्हणजे आतून वाळले असे नव्हे. थिनरमध्ये भिजवलेली चिंधी कोपऱ्यावर घासावी. थर मऊ पडला तर काम कच्चे आहे. असा थर घासताना उडणारी धूळही वाईट.

"गन सोड," म्हटल्यावर तो म्हणाला, "कंप्रेसरचे हप्ते आहेत, डॉक्टर." लवकर सोडले तर पुष्कळांचा दमा ओसरतो, रेंगाळले तर कायमचा जडतो, हे त्याला तीनदा सांगावे लागले. आता तो बिजागऱ्या-कड्या बसवतो. मिळकत कमी, झोप पुरी. कंप्रेसर धाकट्या भावाने घेतला आहे. त्यालाही मी सोमवारी बोलावले आहे.