एकाच गळ्याची दोन वयं

'ॲबा' या स्वीडिश चौकडीचा 'व्हॉयेज' हा अल्बम ऐकताना चौथं गाणं संपतं, पाचवं सुरू होतं, आणि तेवढ्यात काळ चाळीस वर्षं मागे गेलेला असतो. चौथं गाणं 'डोन्ट शट मी डाऊन'. ते गाणारी आग्नेथा फेल्त्स्कोग सत्तरीकडे झुकलेली. पाचवं 'जस्ट अ नोशन'. त्यात तीच आग्नेथा अठ्ठावीस वर्षांची! हे गाणं १९७८ मध्ये ध्वनिमुद्रित होऊन बाजूला पडलं होतं. २०२१ मध्ये त्यातले मूळ आवाज जसेच्या तसे ठेवले आणि भोवतीची वाद्यं नव्याने वाजवली. तरुण गळ्याला म्हाताऱ्या बोटांची साथ मिळाली.

दोन्ही गाणी लागोपाठ ऐकली की वय गळ्यावर काय करतं ते कळतं. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरकं बदलतात, बाईचे स्वरतंतू किंचित जाड होतात, जाड तंतू सावकाश कंप पावतात आणि आवाज खाली उतरतो. पुरुषांचं बरोबर उलटं. उतारवयात त्यांचे स्वरतंतू बारीक होत जातात आणि आवाज थोडा वर चढतो. म्हणजे आयुष्यभर दूर राहिलेले स्त्री-पुरुषांचे आवाज म्हातारपणी एकमेकांच्या जवळ येतात. मला हे फार विलक्षण वाटतं.

'व्हॉयेज'मध्ये हा उतार लपवलेला नाही. चौकडीतली दुसरी गायिका फ्रीदा, म्हणजे आनी-फ्रीद लिंगस्ताद, 'आय स्टिल हॅव फेथ इन यू' सुरू करते तेव्हा तिचा आवाज गडद, वजनदार लागतो. तरीही ध्रुवपदाशी दोघी एकत्र आल्या की काही क्षणांत ओळख पटते : ही 'ॲबा'च! आवाज बदलले, तर ही ओळख टिकली कशी?

ती ओळख मुळात एका गळ्याची नव्हतीच. १९७३ मध्ये 'रिंग रिंग' गाण्याच्या वेळी त्यांचा ध्वनिमुद्रक मायकल ट्रेतॉव याने सगळी वाद्यं एकदा मुद्रित केली आणि त्यांच्यावर तीच पुन्हा चढवली. मधे टेपचा वेग मात्र किंचित बदलला. त्यामुळे दुसरा थर पहिल्यापेक्षा केसभर बेसूर झाला. तंबोरा जुळवणाऱ्याला पुढचं सांगायला नको : जोडीच्या तारा जवळजवळ सुरात आल्या, पण पुरत्या मिळाल्या नाहीत, की नादात लाट उठते. एक स्वर सेकंदाला ४४० कंपनांचा आणि दुसरा ४४२ चा असेल, तर आवाज सेकंदाला दोनदा फुगतो आणि ओसरतो. असे थर वाढत गेले की वेगळ्या लाटा कानाला मोजता येत नाहीत. उरते फक्त झळाळी. आवाजांचंही तसंच. दोघी एकच ओळ पुन्हा पुन्हा गात, आणि माणूस एक ओळ दोनदा तंतोतंत सारखी गाऊ शकत नाही. 'ॲबा'चा चमकता नाद या बारीक फरकांतून आलेला आहे, आणि दोन माणसांमधला फरक वयाने पुसला जात नाही.

मधला काळ सोपा नव्हता. चौकडीतली ब्यॉर्न-आग्नेथा आणि बेनी-फ्रीदा ही दोन्ही जोडपी विभक्त झाली. १९८१ च्या 'द व्हिजिटर्स'नंतरचा नवा अल्बम थेट ५ नोव्हेंबर २०२१ ला आला. त्यातलं नाताळचं गाणं मला फारसं भिडलं नाही. पण 'कीप ॲन आय ऑन डॅन' हे घटस्फोटित आईबापांमध्ये वाटल्या गेलेल्या मुलाचं गाणं जरूर ऐका. त्याच्या शेवटी पियानोवर हळूच १९७५ च्या 'एसओएस'चे सूर येतात.

लंडनमध्ये २७ मे २०२२ पासून या चौघांच्या संगणकीय प्रतिमांचा कार्यक्रम सुरू झाला. पाच आठवडे, १६० कॅमेऱ्यांसमोर, खास पोशाख घालून चौघांनी गाण्यांवर हालचाली केल्या आणि त्यांवर १९७९ च्या सुमाराचे चेहरे चढवले गेले. त्या कार्यक्रमात नव्या अल्बममधली दोन गाणीही घेतली गेली. तिथे चेहरा तिशीच्या आसपासचा दिसतो, आणि त्या तोंडून ऐकू येतो सत्तरीकडे झुकलेल्या आग्नेथाचा उतरलेला आवाज.